गावातल्या कायदा मदत टेबलासाठी मराठी पुस्तिका करतोय, काय काय घालावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, धागा मोठा होईल पण विषय महत्त्वाचा आहे म्हणून नीट लिहितेय. आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही जण रविवारी सकाळी एक टेबल लावतो, कुणाला कोर्टाची नोटीस आलेली असते, कुणाला तहसीलला अर्ज द्यायचा असतो, कुणाच्या मुलीला सासरहून हाकललेलं असतं, ती माणसं कागद घेऊन येतात आणि आम्ही वाचून सांगतो की हे काय आहे आणि पुढे कुठे जायचं. आमच्यात वकील कुणी नाही. दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतले काका, मी, आणि विधी सेवा प्राधिकरणाचं (मोफत कायदा मदत देणारी सरकारी संस्था) ट्रेनिंग घेतलेली एक पॅरालीगल व्हॉलंटिअर मुलगी, तिच्यामुळेच बरंच काही शक्य होतं.

आमच्याकडे पुस्तिकांचं एक कपाट आहे. शिबिरात वाटलेल्या, संस्थांनी छापलेल्या, कुणीतरी आणून दिलेल्या. त्या सगळ्या वाचल्यावर माझं स्पष्ट मत झालंय की बहुतेक पुस्तिका हक्क सांगतात पण दरवाजा सांगत नाहीत. "प्रत्येक स्त्रीला पोटगीचा अधिकार आहे" हे बरोबर, पण अर्ज कुठल्या कोर्टात, कुठले कागद लागतात, किती दिवसांत, फुकट वकील मिळतो का, याचं एकही वाक्य नाही. आणि दुसरं म्हणजे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी आणि आयपीसी गेले, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय न्याय संहिता आल्या, तरी सगळ्या पुस्तिकांत पोटगीसाठी कलम १२५च लिहिलंय, आता ते १४४ आहे. ज्या केसेस आधीपासून चालू आहेत त्यांना जुनंच कलम असतं त्यामुळे लोकांचा अजूनच गोंधळ.

म्हणून आम्ही स्वतःची एक फाइल करतोय. एक विषय एक पान, त्यावर कुठे जायचं, काय न्यायचं, मुदत किती, खर्च किती, आणि कुठल्या टप्प्यावर आपण थांबून वकिलाकडे पाठवायचं एवढंच. इथे वकील आहेत, संस्थांत काम करणारे आहेत, सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेले आहेत. काय घालावं, काय टाळावं, कुठलं साहित्य विश्वासाचं आहे, सगळं सांगा.

अॅड_वैनगंगा

कृष्णाकाठ ताई, फार चांगलं काम. मी विदर्भात प्रॅक्टिस करते, विधी सेवेच्या पॅनलवर बरीच वर्षं होते. माझं म्हणणं पहिलं पान मोफत वकिलाचंच ठेवा, कारण निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच मार्गी लागतो आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ला. त्याचं कलम १२ मोठ्या अक्षरात छापा. लोकांना वाटतं मोफत वकील फक्त गरिबांना. तसं नाहीये. कुठलीही बाई, उत्पन्न कितीही असो. कुठलंही मूल. अनुसूचित जाती जमातीची व्यक्ती. अपंग व्यक्ती. कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कुणीही. औद्योगिक कामगार. मानवी तस्करी किंवा वेठबिगारीत सापडलेले. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांचे बळी. या कुणालाच उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा लागते ती या यादीत न बसणाऱ्यांना, आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख आहे, सुप्रीम कोर्टातल्या केससाठी ५ लाख.

आणि हे नक्की लिहा की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसाला हेलपाटे घालायला लावू नका, कलम १३ प्रमाणे स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, तिथल्या अधिकाऱ्याने लिहून घेऊन अंगठा घ्यायचा, २०१०च्या नियमावलीत आहे. अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला पाहिजे. नाकारला तर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं, जिल्ह्याला ते जिल्हा न्यायाधीश असतात. कोर्ट फी, टायपिंग, नकला, भाषांतर यांचा खर्चही त्यातच येतो, आणि पॅनलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. हे शेवटचं वाक्य ठळक करा बरं का, कारण माझ्याच पाहण्यात "वरचा खर्च" म्हणून पैसे दिलेले लोक आलेत आणि त्यांना हे घेणं चूक आहे हेच माहीत नव्हतं.

पत्ता काय लिहायचा तर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती, जिल्हा कोर्टात जिल्हा प्राधिकरण. फोन १५१००.

तहसीलचा_वाटसरू

मी महसूल खात्यातून रिटायर झालोय. ताई तुमच्या टेबलावर येणाऱ्यांपैकी बरेच जण जमिनीचे असणार, आणि तिथे एकच पान करून भागणार नाही, मी सांगतो का ते.

रस्त्याचंच घ्या. शेतकरी येतो आणि म्हणतो शेजाऱ्याने रस्ता अडवला. आता तुम्ही पहिला प्रश्न हा विचारायचा की रस्ता आधी होता का. वहिवाटीचा रस्ता होता आणि तो अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे दावा. पण त्याला मुदत सहा महिन्यांची आहे, अडथळा झाल्यापासून. रस्ता कधीच नव्हता आणि शेतात जायला वाट पाहिजे तर जमीन महसूल संहिता १९६६चं कलम १४३, तेही तहसीलदाराकडेच, पण तिथे वाट बांधावरून मिळते, शेताच्या मधून कापून मिळत नाही. दोन्ही अर्ज एकाच कचेरीत एकाच टेबलावर जातात त्यामुळे लोक एकाच्या जागी दुसरा देतात, वर्षभर तारखा पडतात आणि मग कळतं की अर्जच चुकीच्या कलमाखाली होता, तोवर सहा महिने कधीच संपलेले. हे मी नोकरीत इतक्यांदा बघितलंय की तुमच्या पुस्तिकेत दुसरं काही नसलं तरी चालेल पण हे पान पाहिजेच.

कागद काय लागतात तर दोन्ही बाजूंचे सातबारा, गट नकाशा, कच्चा नकाशा हाताने काढलेला ज्यात वाट दाखवलीय, शेजारच्या खातेदारांची नावं पत्ते. आणि जुना रस्ता होता हे दाखवणारं काहीही, जुना नकाशा, जुनं खरेदीखत ज्यात चतुःसीमेत रस्ता लिहिलाय, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब. खरेदीखताची चतुःसीमा कुणी वाचतच नाही आणि अर्धा पुरावा तिथेच असतो. मे २०२५च्या शासन निर्णयानंतर शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घेता येते, म्हणजे रस्ता मिळाला की तिथेच थांबायचं नाही, नोंद करून घ्यायची.

दुसरं फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल. नोंदीची नोटीस आली की हरकतीला पंधरा दिवस. नोंद मंजूर झाली आणि मान्य नाही तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, साठ दिवसांत. पण लोकांना हे सांगा की फेरफार म्हणजे मालकी ठरली असं नव्हे, मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो. बहिणीचं नाव भावाने वारसनोंदीत टाकलं नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. हे ऐकून टेबलापुढे बसलेल्या बाईचा चेहरा कसा बदलतो ते तुम्हीच बघाल.

मानसी_ठाणे

वाटसरू काका, शेवटची ओळ वाचून बरं वाटलं, आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हेच सांगायला अर्धा तास लागतो.

मी महिलांच्या संस्थेत काउन्सेलर आहे. घरगुती हिंसाचाराचं पान मी लिहून देते. २००५चा कायदा. बऱ्याच पुस्तिकांत तो "पोलिसांत जा" एवढ्यावर संपतो, पण या कायद्याचा खरा माणूस संरक्षण अधिकारी आहे, महिला व बालविकास खात्याचा. तो किंवा ती कौटुंबिक घटना अहवाल भरून मॅजिस्ट्रेटकडे पाठवते, वैद्यकीय मदत, निवारा, मोफत वकील हे बघणं तिचंच काम. बाई स्वतःही याच कायद्याच्या कलम १२ खाली थेट अर्ज करू शकते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे तिला आधीच सांगा, पण अंतरिम आदेश लवकर मागता येतो हेही सांगा.

घराबाहेर काढलंय आणि घर सासूच्या नावावर आहे, म्हणून तिला हक्क नाही असं सर्रास सांगितलं जातं. २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने सतीश आहुजा केसमध्ये स्पष्ट केलंय की सासू सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक निवासस्थान असू शकतं. त्याच वर्षी रजनेश विरुद्ध नेहाच्या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरलं आणि दोघांनी उत्पन्न मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं बंधनकारक केलं. म्हणून पानावर "नवऱ्याच्या कमाईचं जे काही माहितीय ते लिहून ठेवा, कंपनीचं नाव, गाडी, शेती, दुकान, एलआयसी" अशी ओळ पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. हे पान छापाल तेव्हा त्यावर वर "घरगुती हिंसाचार" असं मोठं छापू नका. ती बाई ते पान घरी नेणार आहे. साध्या कागदावर, लहान, घडी करून ब्लाऊजमध्ये किंवा रेशनकार्डात बसेल असं, वर काहीही नाव नसलेलं. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर तिला तोंडपाठ करायला लावा. पुस्तिका बनवणारे लोक सजावटीत गुंततात आणि ती वाचणारी कुठे बसून वाचणार हे विसरतात.

शिरीष_पुणे

वेगळं मत मांडतो, राग नसावा. हे सगळं इंटरनेटवर आहे. गावात प्रत्येकाकडे मोबाइल आहे, आता तर एआयला मराठीत विचारलं तरी मराठीत उत्तर येतं. पुस्तिका छापेपर्यंत कायदा बदलतो. एवढी मेहनत त्यापेक्षा लोकांना मोबाइलवर शोधायला शिकवण्यात घातली तर?

अॅड_वैनगंगा

शिरीष, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेते कारण माझे अशील आता तेच करून येतात. परवाच एक जण आला, शेतातली वाट अडवली म्हणून एआयला विचारलं, त्याला उत्तर मिळालं दिवाणी कोर्टात मनाई हुकमाचा दावा करा. ऐकायला बरोबर वाटतं. पण मामलेदार कायदा हा जुन्या मुंबई प्रांतातून आलेला आपला कायदा, देशभराच्या सरासरी उत्तरात तो येतच नाही, आणि त्या माणसाचे सहा महिने संपायला आठवडा उरला होता. तो वेळेत आला म्हणून दावा दाखल झाला. न घडलेले निकाल नावासकट सांगितल्याचेही प्रकार वकिलांच्याच बाबतीत कोर्टासमोर आलेत.

शोधायला शिकवा, जरूर, पण कुठे शोधायचं ते शिकवा. कायद्याचा मूळ मजकूर इंडिया कोडवर, तिथे महाराष्ट्राचे कायदेही आहेत. केसची तारीख ई-कोर्ट्स अॅपवर, सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की झालं, त्यासाठी वकिलाच्या ऑफिसात चकरा नकोत. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच वेबसाइटवर फुकट आहेत, काहींचं मराठी भाषांतर पण. सातबारा महाभूलेखवर. हे पान मी देते.

मंदार_मेलबर्न

शिरीषच्या "छापेपर्यंत कायदा बदलतो" वर लिहितो. इथे मेलबर्नमध्ये फिट्झरॉय भागात १९७२मध्ये टाऊन हॉलच्या तळघरात काही तरुण वकिलांनी मोफत सल्ला केंद्र सुरू केलं, अजून चालू आहे. त्यांनी सत्तरच्या दशकातच सामान्य माणसासाठी व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्याचं पुस्तक काढलं, ते नंतर दरवर्षी नव्याने निघू लागलं, आता ऑनलाइन फुकट वाचता येतं. भाडेकरूचे हक्क, दंड, कर्ज, अटक, सगळं सोप्या इंग्रजीत. इथे नवीन आलो तेव्हा घरमालकाने डिपॉझिट अडकवलं होतं, मी त्याच पुस्तकातलं प्रकरण वाचून अर्ज केला होता.

त्यांची जी पद्धत मला आवडली ती अशी की प्रत्येक प्रकरण एकेका वकिलाच्या नावावर आहे, त्या विषयात रोज काम करणाऱ्या, आणि वर लिहिलेलं असतं की हा मजकूर अमुक तारखेपर्यंतचा कायदा सांगतो. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे किती ताजं आहे. तुम्ही पण प्रत्येक पानाच्या खाली "कुणी तपासलं, कधी तपासलं" टाका. बांधीव पुस्तक न करता सुट्या पानांची फाइल करा, एखादा कायदा बदलला की एकच पान काढून नवीन घालायचं.

कृष्णाकाठ

मंदार, सुटी पानं आणि तारीख, दोन्ही पक्कं. वाटसरू काका आणि मानसी तुमचं लिहिलेलं मी जसंच्या तसं आमच्या ग्रुपवर टाकलं.

शिरीष, राग अजिबात नाही. पण आमच्याकडे येणारे लोक कोण आहेत ते सांगते. मोबाइल घरात आहे पण तो मुलाकडे आहे आणि तक्रार मुलाबद्दलच आहे. अशा आजी येतात. त्यांना कागदच लागतो, आणि कागद देणारं माणूस लागतं. त्यावरून आठवलं, ज्येष्ठ नागरिकांचं पान कुणी देईल का?

बीडचा_व्हॉलंटिअर

ताई नमस्कार, मी पीएलव्ही, म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटिअर आहे मराठवाड्यात. ज्येष्ठांचं मी सांगतो, आमच्याकडं हे लई येतंय. २००७चा कायदा, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण. अर्ज प्रांताकडं, तिथंच न्यायाधिकरण आहे. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता. निकाल नव्वद दिवसांत लावायचा असतो. वकिलाची गरज नाही, कायद्यातच आहे की वकील लावता येत नाही, त्यामुळं म्हातारा माणूस स्वतः बोलू शकतो आणि आपण अर्ज लिहून देऊ शकतो. आणि कलम २३. मुलाला बक्षीसपत्राने जमीन दिली आणि त्यात सांभाळ करण्याची अट घातली असेल, आणि मुलगा सांभाळत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ला सुप्रीम कोर्टानं पण असं एक बक्षीसपत्र रद्दच ठरवलं. म्हणून पुस्तिकेत लिहा की बक्षीसपत्र करायच्या आधीच सांभाळाची अट लिहून घ्या, नंतर रडून उपयोग नाही, दुय्यम निबंधकाकडं सही करताना कुणी हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. आमच्या भागातले लोक दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ते मार्च एप्रिलला परत येतात. नोटीस घरी येऊन पडलेली असते, घरात फक्त म्हातारी. परत येऊन बघतात तर फेरफार मंजूर, अपीलाचे साठ दिवस गेले. अशा वेळी अपीलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा असतो, त्यात कारण लिहायचं, मुकादमाची नोंद, कारखान्याची पावती, जे असंल ते जोडायचं. मुदत गेली म्हणजे सगळं संपलं असं समजून लोक गप बसतात. प्रत्येक मुदतीच्या खाली ही एक ओळ टाकाच. फक्त मामलेदार कायद्याच्या सहा महिन्यांच्या बाबतीत या अर्जावर विसंबून राहू नका, तिथं उशीर झाला तर वकिलालाच विचारा.

नोटीस_आली

सगळ्यांना विनंती, लोकअदालतीच्या नोटिशीचं एक पान करा. माझ्या वडिलांना बँकेच्या जुन्या पीककर्जासाठी राष्ट्रीय लोकअदालतीला हजर राहा अशी नोटीस आली, त्यावर न्यायालयाचं नाव आणि शिक्का, वडिलांना वाटलं अटक होणार, दोन रात्री झोपले नाहीत. शेजारच्यांना ट्रॅफिकच्या चलानासाठी तशीच आली होती. यातलं खरं काय हे कुणी नीट सांगेल का.

अॅड_वैनगंगा

फार चांगला मुद्दा काढलात, आणि वडिलांना आधी सांगा की घाबरू नका.

अशा नोटिशीला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. म्हणजे कोर्टात केस अजून झालेलीच नाही, बँक म्हणतेय की तडजोड करू. जाऊन बोलावं, बऱ्याचदा व्याजात मोठी सूट मिळते. पण तडजोड पटली नाही तर नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, नाही म्हटलं म्हणून तिथे काही शिक्षा होत नाही. लोकअदालत कुणाचंही म्हणणं खरं खोटं ठरवत नाही, दोघं तयार असतील तरच निवाडा.

मात्र सही केली की तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम २१, आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करायच्या आधी रक्कम, हप्ते, शेवटची तारीख, आणि हप्ता चुकला तर काय, हे चारही कागदावर लिहिलेलं दिसलं पाहिजे. तोंडी "ते बघून घेऊ" वर विश्वास ठेवायचा नाही. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगायचं, घाई आहे म्हणाले तरी. कोर्टात आधीच चालू असलेली केस लोकअदालतीत मिटली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे फार जणांना ठाऊक नाही.

आणि कायम लोकअदालत ही वेगळी गोष्ट, वीज, पाणी, टपाल, विमा, दवाखाना, प्रवासी वाहतूक अशा सेवांसाठी, एक कोटीपर्यंत. तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न होतो आणि नाही जमलं तर तीच निकालही देते. विजेच्या बिलाच्या तक्रारीसाठी लोकांना हा रस्ता सांगत जा, फी लागत नाही.

गजाआडून

अटकेचं पान कुणी घेतलेलं दिसत नाही, मी घेतो. मी कैद्यांसोबत काम करणाऱ्या संस्थेत होतो. मोफत वकिलाचा हक्क आपल्याकडे कसा आला त्यात महाराष्ट्राच्या केसेसचा मोठा वाटा आहे आणि हे मला लोकांना सांगायला आवडतं. १९७८ला होसकोट विरुद्ध महाराष्ट्र, त्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि अपीलासाठी वकील मिळालाच पाहिजे. १९८३ला पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांमधल्या बायकांच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्यातून आदेश आला की अटक झाली की पोलिसांनी जवळच्या कायदा मदत समितीला कळवायचं. २०१२ला कसाबच्या निकालातसुद्धा कोर्टाने म्हटलं की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात त्याच वेळी त्याला वकिलाचा हक्क सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. म्हणजे हा हक्क सगळ्यात नावडत्या आरोपीलाही आहे, तुमच्या गावच्या पोराला तर आहेच आहे.

पानावर काय पाहिजे: चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. अटकेची कारणं लेखी, समजेल त्या भाषेत, नोव्हेंबर २०२५ला मुंबईतल्या वरळीच्या अपघात प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. घरच्यांना कळवणं. बाईला सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधी अटक नाही, अपवाद सोडून, आणि अपवादालाही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ची नोटीस आली तर ती अटक नाही, पण हजर राहिलं नाही तर अटक होऊ शकते, म्हणून ती चुकवू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना, तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, त्याच संहितेचं कलम १७३. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो.

आणि आत असलेल्यांसाठी त्याच संहितेचं कलम ४७९. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल आणि पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत गेला की जामिनावर सुटका, बाकीच्यांना अर्धा. हे घरच्यांना मोजून दाखवा. कॅलेंडर घेऊन बसा त्यांच्यासोबत. २०२२पासून बऱ्याच जिल्ह्यांत प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकिलांची ऑफिसं सुरू केलीत, तिथे घरच्यांनी थेट जावं.

गोंयची_वाट

एक छोटी सूचना, पुस्तिकेवर "फक्त महाराष्ट्रासाठी" असं छापा. सावंतवाडी दोडामार्ग बाजूच्या कितीतरी मुली गोव्यात दिलेल्या आहेत आणि उलटही. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, लग्न झालं की मालमत्ता साधारणपणे दोघांची सामायिक, वारसा २०१२च्या आमच्या वेगळ्या कायद्याने. तुमचं वारसाचं पान इथे वापरलं तर नुकसान होईल.

शिरीष_पुणे

हे सगळं वाचून माझं मत बदललंय, पुस्तिका पाहिजेच. ग्राहकाचं पान मी देतो, ते मी स्वतः केलंय. तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, २०१९च्या कायद्याने. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन, बऱ्याच कंपन्या तिथेच ऐकतात. ऑनलाइन तक्रार आता ई-जागृतीवर. मुंबईकडच्यांना मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन मिळतं, १९७५पासून काम करताहेत. आणि फाइलची डिजिटल आवृत्ती मी सांभाळेन, पान बदललं की सगळ्यांना नवीन पान जाईल.

कृष्णाकाठ

शिरीष मनापासून आभार. आम्ही काल बसून रस्त्याच्या पानाचा मसुदा केला, काका आणि वैनगंगा ताई बघा जरा:

"शेतातली वाट अडवली? पहिला प्रश्न: वाट आधी होती का? होती, तर मामलेदार न्यायालय अधिनियम कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा. मुदत सहा महिने. नव्हती, तर जमीन महसूल संहिता कलम १४३ खाली बांधावरून वाटेचा अर्ज. सोबत दोन्ही गटांचे सातबारा, गट नकाशा, हातनकाशा, शेजाऱ्यांची नावं, जुनी खरेदीखतं. मुदत संपत आली असेल तर आजच तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या आवारात, सोबत आमच्यापैकी कुणी येईल."

तहसीलचा_वाटसरू

चांगलं झालंय. दोन गोष्टी घाला. अडथळा कधी झाला ती तारीख अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहायची, सगळी मुदत तिच्यावर मोजतात, आणि त्या दिवशीचा फोटो किंवा पोलीस पाटलाला दिलेला अर्ज असेल तर जोडायचा. आणि १४३च्या निर्णयावर कुणाला समाधान नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो, ते खाली लिहा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघायचं नाही, हे तर प्रत्येक पानावर छापा.

मानसी_ठाणे

माझं पान आज रात्री पाठवते, लहान आकारातच, नाव न छापलेलं. मनोधैर्य योजनेचं अर्धं पान पण त्यालाच जोडतेय, बलात्कार आणि अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी, तोही अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. वैनगंगा ताई तुम्ही तपासून खाली तारीख टाका म्हणजे रविवारच्या टेबलाला वापरता येईल.

अॅड_वैनगंगा

पाठव गं, शनिवारपर्यंत बघून देते. आणि बीडच्या दादांनी विलंब माफीच्या अर्जाचा एक नमुना मराठीत टाकला तर तो पण घेऊ, तिकडची कारणं त्यांनाच नीट लिहिता येतील.

बीडचा_व्हॉलंटिअर

टाकतो मॅडम. आमच्याकडच्या एका जोडप्याचा नुकताच मंजूर झालेला अर्ज आहे, नावं काढून टाइप करून देतो, मुकादमाच्या पावतीसकट.